गवतातून उभा जाणारा रस्ता

कॅन्सस सिटीहून विचिटाला गाडीने जायचं तर नकाशाचं कुठलंही ॲप एकच रस्ता दाखवतं: कॅन्सस टर्नपाइक. टोलचा रस्ता, ताशी ७५ मैलांची मुभा, मध्ये एकही सिग्नल नाही. मी स्वतः पोटापाण्यासाठी अशाच प्रकारच्या सॉफ्टवेअरवर काम करते, त्यामुळे यात नवल वाटायचं कारण नाही. रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याला एक 'किंमत' दिलेली असते. ती मुख्यतः वेळेची असते, थोडी अंतराची आणि थोडी वळणांची. कमीत कमी बेरजेचा मार्ग जिंकतो. या हिशेबात पश्चिमेच्या टेकड्यांमधून जाणारा के-१७७ हा राज्य महामार्ग त्या प्रवासात कधीच वर येत नाही. काळ्या पाटीवर पिवळं सूर्यफूल आणि सूर्यफुलात आकडा, ही कॅन्ससच्या राज्य महामार्गांची खूण. दोन लेनचा साधा डांबरी रस्ता, मध्ये दुभाजक नाही. गेल्या तीन वर्षांत मी त्यावरून आठ-नऊ वेळा गेले. पहिल्यांदा गवत बघायला, नंतर मुख्यतः एका प्रश्नामुळे.

प्रश्न असा, की हा रस्ता उभा का आहे?

अमेरिकेच्या या भागात महत्त्वाचं म्हणून जे काही घडलं ते आडवं घडलं. सांता फेचा व्यापारी मार्ग पूर्वेकडून नैर्ऋत्येला गेला. रेल्वे तशीच गेली. टर्नपाइकही ईशान्येकडून नैर्ऋत्येला गेला. आंतरराज्य महामार्ग ७० तर सरळ पूर्व-पश्चिम. माणसांना या प्रदेशातून पलीकडे जायचं होतं. इथे थांबायचं कुणाच्या मनात नव्हतं. के-१७७ मात्र उत्तरेच्या मॅनहॅटनपासून (न्यूयॉर्कचं नव्हे, कॅन्ससमधलं कॉलेजचं गाव) दक्षिणेला कॅसोडेपर्यंत टेकड्यांच्या अंगाने उतरत जातो आणि या सगळ्या आडव्या वाटांना एकेक करून छेदतो. प्रत्येक छेदावर एक गाव आहे, किंवा गाव होतं. त्यामुळे हा रस्ता इतिहासाच्या पुस्तकासारखा पहिल्या पानापासून वाचता येत नाही. विहीर खणताना जसे थर दिसतात तसा तो दिसतो, आणि थरही क्रमाने लागत नाहीत.

उत्तरेकडून निघालं, की मॅनहॅटन सोडल्यावर थोड्याच वेळात पश्चिमेला कोंझा प्रेअरी दिसते. सुमारे ८,६०० एकरांचं हे गवत कॅन्सस स्टेट विद्यापीठ १९७१ पासून संशोधनासाठी सांभाळतं. सांभाळतं म्हणजे मुख्यतः जाळतं. सगळं रान ओढ्यांच्या पाणलोटांनुसार तुकड्यांत वाटलं आहे. एक तुकडा दर वर्षी जाळायचा, एक दर दुसऱ्या वर्षी, एक चार वर्षांनी, एक वीस वर्षांनी. काही तुकड्यांत १९८७ पासून बायसन सोडले आहेत, काहींत गाई, काहींत कुणीच नाही. आम्ही लोक ज्याला 'कंट्रोल ग्रुप' म्हणतो त्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मी कुठल्याही सर्व्हरवर पाहिलेलं नाही. निकाल तर रस्त्यावरून नुसत्या डोळ्यांनी दिसतो. दर वर्षी जळणारा डोंगर गवताचा आहे. न जळणाऱ्यावर झुडपं आली आहेत, आणि झुडपांमागून सीडरची झाडं येत आहेत. गवत हे इथलं आपोआप टिकणारं रूप नव्हे. ते कुणीतरी सतत राखावं लागतं.

हे कुणीतरी कोण, हा या रस्त्याचा खरा इतिहास आहे.

आधी जमिनीबद्दल, कारण तिच्यावाचून पुढचं काही कळणार नाही. उंच गवताची प्रेअरी एके काळी कॅनडापासून टेक्सासपर्यंत सुमारे १७ कोटी एकर पसरली होती. आज तिच्यातली चार टक्क्यांहून कमी उरली आहे. बाकीची नांगराखाली गेली, आणि तिथे आज मका आणि सोयाबीन उभं आहे. जे उरलं त्यातलं बहुतेक फ्लिंट हिल्स नावाच्या या टेकड्यांच्या पट्ट्यात आहे. कारण अगदी साधं. हा चुनखडीचा प्रदेश आहे, पर्मियन काळातला, म्हणजे सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राचा तळ. त्या चुनखडीत गारगोटीचे थर आहेत. चुनखडी विरघळत गेली, गारगोटी विरघळली नाही, आणि मातीत तिच्या कपच्यांचा खच पडला. झेब्युलन पाइक नावाचा लष्करी अधिकारी १८०६ मध्ये इथून गेला, त्याच्या नोंदींतही या टेकड्यांची ओळख गारगोटीवरूनच आहे. अशा जमिनीत नांगर घातला तर फाळ जायचा.

माझं गाव इंदापूर तालुक्यात. आमच्या सातबाऱ्यावर 'पोटखराब' असा एक रकाना असतो: गटातली पिकाला न चालणारी जमीन. तिच्यावर आकारणी नाही, म्हणून हिशेबापुरती ती जमीनच नाही. अमेरिकन सर्वेक्षकांनी १८५० च्या दशकात कॅन्ससवर सहा बाय सहा मैलांच्या टाउनशिपांची आणि एक चौरस मैलाच्या सेक्शनांची जाळी टाकली, तेव्हा त्यांना फ्लिंट हिल्स असेच दिसले असणार, अख्खा जिल्हाच्या जिल्हा पोटखराब. राज्यात इतरत्र रस्ते या जाळीच्या रेघांवरून कागदावर आखल्यासारखे सरळ धावतात. के-१७७ इथे रेघ सोडतो. टेकडीला वळसा घालतो, ओढ्याच्या बाजूने उतरतो, मग पुन्हा चढतो. नांगर जिथे हरला तिथे जाळीही थोडी वाकली.

आता काउन्सिल ग्रोव्ह. निओशो नदीकाठचं दोन हजारांच्या थोडं वर वस्तीचं गाव. के-१७७ इथे मेन स्ट्रीटला, म्हणजे जुन्या सांता फे मार्गाला छेदतो. १८२१ मध्ये मेक्सिको स्पेनपासून स्वतंत्र झाला, सांता फेची बाजारपेठ उघडली, आणि त्याच वर्षी विल्यम बेकनेल मिझुरीहून माल घेऊन तिकडे गेला. चार वर्षांत अमेरिकन सरकारने हा मार्ग मोजायला माणसं पाठवली. १० ऑगस्ट १८२५ रोजी त्या आयुक्तांनी या नदीकाठच्या राईत ओसेज लोकांशी करार केला: मार्ग मोजू द्या, व्यापाऱ्यांना सुखरूप जाऊ द्या. मोबदला ८०० डॉलर. त्या मसलतीवरून गावाला नाव मिळालं, कारण 'काउन्सिल' म्हणजे मसलत आणि 'ग्रोव्ह' म्हणजे राई. ज्या ओक वृक्षाखाली ती झाली असं सांगतात तो १९५८ च्या वादळात पडला. खोड अजून छपराखाली ठेवलं आहे.

राईला महत्त्व यायचं कारण लाकूड. इथून पश्चिमेला शेकडो मैल बैलगाड्यांच्या आसासाठी लागणारं कठीण लाकूड मिळणार नव्हतं. म्हणून काफिले इथे थांबायचे, जादा आस तोडून गाडीखाली बांधायचे, एकमेकांची वाट बघायचे आणि मोठा तांडा करून पुढे निघायचे. आणखी एका ओकच्या ढोलीत पुढे गेलेले लोक मागून येणाऱ्यांसाठी चिठ्ठ्या ठेवून जात. पाणी कुठे आहे, वाट कशी आहे. ट्रॅफिकचा लाइव्ह डेटा म्हणतात तो हाच, फक्त त्या काळी तो ढोलीत असायचा. १८५७ मधलं 'लास्ट चान्स स्टोअर' नावाचं छोटं दगडी दुकान अजून उभं आहे. नाव शब्दशः खरं होतं.

पण ही जमीन कुणाची होती? ओसेजांशी करार झाल्यावर आठवड्याच्या आत आयुक्तांनी आणखी पश्चिमेला कॉ लोकांशी तसाच करार केला. कॉ, म्हणजेच कान्सा. राज्याला आणि नदीला त्यांचंच नाव. त्याच उन्हाळ्यात, जूनमध्ये, एका वेगळ्या तहाने कॉ लोकांनी आजच्या कॅन्ससमधली सुमारे दोन कोटी एकर जमीन सोडून दिली होती. १८४६ च्या तहाने उरलेलं पूर्वेकडचं क्षेत्र गेलं आणि त्यांना काउन्सिल ग्रोव्हभोवती वीस मैल बाय वीस मैलांचा तुकडा दिला. म्हणजे देशातल्या सर्वांत वर्दळीच्या व्यापारी मार्गाच्या मधोमध. १८५९ मध्ये तोही कापून नऊ बाय चौदा मैलांवर आणला. आकडे मी मुद्दाम ओळीने लिहिते आहे, कारण काउन्सिल ग्रोव्हच्या पाट्यांवर ते असे एकापुढे एक कुठे वाचायला मिळत नाहीत. एक पाटी १८२५ ची आहे, दुसरी १८५७ ची, आणि मधली वजाबाकी वाचणाऱ्याने करायची.

१८५१ मध्ये सरकारी पैशांतून मेथडिस्ट मिशनने कॉ मुलांसाठी दगडी शाळा बांधली. इमारत देखणी आहे, आज संग्रहालय आहे. शाळा तीन वर्षं चालली. आईबापांनी मुलं पाठवायला नकार दिला. आली ती मुख्यतः अनाथ मुलं, तीस-एक. पुढे सरकारने कॉ कुटुंबांसाठी शंभराहून जास्त छोटी दगडी घरं बांधली. कॉ लोक त्यांत राहायला गेले नाहीत. काहींनी त्यांत घोडे बांधले. हा किस्सा इथे थोडा हसून सांगितला जातो. मला त्यात हसण्यासारखं दिसत नाही. एका खोलीचं दगडी घर कॅन्ससच्या जुलैमध्ये कसं तापतं आणि जानेवारीत कसं गारठतं याचा विचार केला, तर घोड्यांबद्दलच वाईट वाटतं.

देवी आल्या, कॉलरा आला, रानडुकरासारखी घुसणारी वस्ती आली. जून १८७३ मध्ये उरलेल्या कॉ लोकांना, पाचशेहून थोडे जास्त, दक्षिणेला इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात, नेण्यात आलं. त्यांचा प्रमुख अलेगावाहो जाण्याच्या ठाम विरोधात होता. त्याचा विरोध चालला नाही.

या टोळीतला एक मुलगा मात्र मागे राहिला होता. चार्ल्स कर्टिस. आईकडून कॉ, लहानपणी काही काळ काउन्सिल ग्रोव्हजवळच्या राखीव क्षेत्रात आजीकडे वाढलेला. तो टोपेकात वकील झाला, काँग्रेसमध्ये गेला, सिनेटर झाला आणि १९२९ मध्ये हर्बर्ट हूव्हरचा उपराष्ट्राध्यक्ष झाला. मूळनिवासी वंशाचा पहिला उपराष्ट्राध्यक्ष म्हणून शाळेच्या पुस्तकात त्याचं नाव अभिमानाने येतं. पण १८९८ चा 'कर्टिस ॲक्ट'ही त्याचाच. या कायद्याने इंडियन टेरिटरीतल्या मोठ्या टोळ्यांची सरकारं आणि न्यायालयं मोडीत निघाली आणि सामुदायिक जमिनीचे वैयक्तिक तुकडे पडले. १९०२ मध्ये खुद्द कॉ टोळीचीही तशीच वाटणी झाली. त्याला प्रामाणिकपणे वाटत होतं, की तगायचं असेल तर हीच वाट. असा माणूस आपल्याकडच्या इतिहासातही ओळखू येतो, म्हणून त्याला खलनायक म्हणून मोकळं होणं मला जमत नाही.

काउन्सिल ग्रोव्हच्या आग्नेयेला काही मैलांवर अलेगावाहो हेरिटेज पार्क आहे. विसाव्या शतकाच्या शेवटाला कॉ नेशनने आपल्याच जुन्या गावाच्या जागेवरचे थोडे एकर पैसे देऊन परत विकत घेतले. तिथे १९२५ मध्ये गावकऱ्यांनी उभारलेला उंच दगडी मनोरा आहे, एका अज्ञात कॉ माणसाच्या अस्थींवर. आणि २०२४ पासून तिथे एक मोठा लाल खडक आहे. हा खडक कॉ लोकांना पवित्र. १९२९ मध्ये लॉरेन्स शहराने तो नदीकाठावरून उचलून बागेत ठेवला आणि त्यावर पाटी ठोकली, शहर वसवणाऱ्या गोऱ्या वसाहतवाल्यांच्या स्मरणार्थ! जवळजवळ शंभर वर्षांनी शहराने माफी मागून तो परत केला. मी तो पाहिला त्या दिवशी पार्कात दुसरं कुणी नव्हतं. खडकाला हात लावावासा वाटला. लावला नाही.

काउन्सिल ग्रोव्हपासून दक्षिणेला कॅसोडेपर्यंतच्या ४७ मैलांना सरकारने निसर्गरम्य मार्गाचा दर्जा दिला आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गवत आणि आकाश. सुरुवातीला डोळे काहीतरी शोधत राहतात आणि वीसेक मैलांनी शोधणं सोडतात. मधून मधून चुनखडीच्या दगडांची रचीव कुंपणं लागतात. १८६७ मध्ये राज्याने मोकळं चराऊ रान बंद केलं आणि दगडी कुंपण घालणाऱ्याला पैसे देऊ केले, तेव्हाची ती. शेतातला दगड काढायचा, तोच बांधावर रचायचा, हे आपल्याकडच्या ताली घालणाऱ्याला समजावून सांगावं लागणार नाही.

सप्टेंबरमध्ये बिग ब्लूस्टेम माणसाच्या डोक्यावर जातं आणि तांबूस होतं. त्याच्या तुऱ्याला तीन बोटं फुटलेली असतात. आपलं मारवेल त्याच गोतावळ्यातलं. मारवेल अमेरिकेत टेक्सासच्या बाजूला पोचलं आहे आणि 'क्लेबर्ग ब्लूस्टेम' या नावाने तिथल्या देशी गवतांना हुसकावतं म्हणून बदनाम आहे. धनगरांच्या मेंढ्यांचं आवडतं गवत परदेशात जाऊन गुंड झालं, हे मी आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तिकडं त्याला खाणारं कुणी नसंल." वनस्पतिशास्त्रज्ञ हेच जरा लांबवून सांगतात.

स्ट्राँग सिटीच्या दोन मैल अलीकडे रस्त्याला लागूनच स्प्रिंग हिल रँच आहे. स्टीफन जोन्स नावाच्या गुरांच्या व्यापाऱ्याने १८८१ मध्ये बांधलेलं अकरा खोल्यांचं दगडी घर आणि तीन मजली गोठा. हीच आज टॉलग्रास प्रेअरी नॅशनल प्रिझर्व्ह, सुमारे ११ हजार एकर. या राखीव क्षेत्राची गोष्ट सरकार आणि गुरेवाले यांच्यातल्या पस्तीस वर्षांच्या भांडणाची आहे. १९६१ च्या डिसेंबरमध्ये गृह खात्याचे मंत्री स्ट्युअर्ट उडाल मॅनहॅटनजवळ हेलिकॉप्टरने राष्ट्रीय उद्यानाची जागा पाहायला उतरले. (तिकडचं गृह खातं पोलिसांचं नसतं, सरकारी जमिनींचं असतं.) ती जमीन भाड्याने घेतलेल्या गुरेवाल्याने, माझ्या रानातून चालते व्हा, असं मंत्र्यांना तोंडावर सांगितलं. मंत्री गेले. उद्यानही गेलं. पुढची प्रत्येक योजना अशीच अडली.

गुरेवाल्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. हे गवत आम्ही राखलं, ते म्हणत. आम्ही दर वसंतात जाळतो म्हणून ते आहे. सरकार आलं की आग बंद होईल, गुरं जातील, आणि वीस वर्षांत सीडरचं जंगल होईल. पर्यावरणवाद्यांचंही खोटं नव्हतं: चार टक्के उरलं आहे आणि ते खासगी मर्जीवर आहे. तोडगा १९९६ मध्ये निघाला आणि तो विचित्र आहे. दोन वर्षांपूर्वी नॅशनल पार्क ट्रस्ट या खासगी संस्थेने रँच विकत घेतली होती. कायद्याने असं ठरवलं, की राष्ट्रीय उद्यान विभाग कारभार बघेल, पण केंद्र सरकारला त्यातली जास्तीत जास्त १८० एकर जमीनच बाळगता येईल. उरलेली खासगीच. आज ती नेचर कॉन्झर्व्हन्सीकडे आहे. २००९ मध्ये तिथे १३ बायसन आणून सोडले. तेव्हापासून कळप वाढला आहे, आणि गुरंही चरतात.

या दोन्ही बाजूंच्या वादात एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. आग गुरेवाल्यांनी शोधलेली नाही. वसाहतवाले यायच्या कितीतरी आधीपासून मूळनिवासी हे रान जाळत होते, कारण जळालेल्या जागी कोवळं गवत फुटतं आणि कोवळ्या गवतामागे बायसन येतो. गुरेवाल्यांनी बायसनच्या जागी टेक्सासचे गोऱ्हे आणले. आग तीच ठेवली. माणसं घालवली, आणि त्यांची रीत पुढे चालवली.

एप्रिलमध्ये फ्लिंट हिल्समध्ये वीस लाख एकरांच्या आसपास गवत जळतं. वारा अनुकूल असला तर तो धूर शंभर मैलांवरच्या माझ्या ऑफिसात येतो. हवेतला ओझोन वाढतो, दम्याच्या लोकांना त्रास होतो, आणि म्हणून २०१० पासून धूर-व्यवस्थापनाचा सरकारी आराखडा आहे. ऑफिसात लोक खिडक्या तपासतात. मला मात्र तो वास माळाचा वाटतो. आमच्याकडे वणवा म्हटलं की गुन्हा, आणि माळ म्हटलं की 'पडीक', जिथे गिरिपुष्प लावून हिरवं करायचं. चिंकारा आणि लांडगा त्याच पडीक जमिनीवर जगतात. कॅन्ससची आग इंदापुरात जशीच्या तशी आणता येईल असं मी म्हणत नाही. पाऊस वेगळा, गवतं वेगळी. पण उघडं रान म्हणजे बिघडलेलं जंगल, ही समजूत इथे निदान मोडली गेली आहे.

पुढची दोन गावं जुळी आहेत: स्ट्राँग सिटी आणि कॉटनवुड फॉल्स. मध्ये दोन मैल आणि एक नदी. रेल्वे नदीच्या उत्तरेला आली. तिथल्या वस्तीने १८८१ मध्ये सांता फे रेल्वेच्या अध्यक्षाचं, विल्यम बार्स्टो स्ट्राँगचं, नाव घेतलं. दक्षिणेच्या कॉटनवुड फॉल्सला रेल्वे मिळाली नाही, पण जिल्ह्याचं ठाणं मिळालं आणि न्यायालय मिळालं. हे न्यायालय या रस्त्यावरची सर्वांत सुंदर इमारत. तीन मजली, स्थानिक चुनखडीची, वर फ्रेंच वळणाचं लाल छप्पर, आत अक्रोडाच्या लाकडाचा गोल जिना. वास्तुकार जॉन हॅस्केल. आजही तिथे कामकाज चालतं, आणि कॅन्ससमधलं वापरात असलेलं हे सर्वांत जुनं जिल्हा न्यायालय. इथल्याच खाणींतला दगड टोपेकाच्या विधानभवनालाही गेला.

न्यायालय पुरं झालं ते वर्ष १८७३. वीस मैलांवरून कॉ लोक ज्या उन्हाळ्यात निघाले त्याच उन्हाळ्यात इथे गवंडी शेवटचे थर चढवत होते. दोन्ही गोष्टी मला वेगवेगळ्या ठिकाणी वाचायला मिळाल्या होत्या. तारखा शेजारी ठेवल्यावर जिन्याच्या कठड्यावरचा हात जरा जड झाला.

त्या जिल्ह्याची, म्हणजे चेस काउंटीची, लोकसंख्या १९०० साली आठ हजारांवर होती. २०२० च्या जनगणनेत ती अडीच हजारांच्या थोडी वर आहे. विल्यम लीस्ट हीट-मूनने या एकाच जिल्ह्यावर 'प्रेअरीअर्थ' नावाचं सहाशेहून जास्त पानांचं पुस्तक लिहिलं, १९९१ मध्ये. माणशी पानं मोजली तर जगात फार थोड्या जिल्ह्यांच्या वाट्याला एवढं आलं असेल.

दक्षिणेला बझार लागतं. होय, बाजारच, आपला फारसीवाटे आलेला शब्द. एक चर्च, एक जुनी शाळा, थोडी घरं. इथून जवळच्या रानात ३१ मार्च १९३१ रोजी एक फोकर विमान कोसळलं आणि आतले आठही जण गेले. त्यांत नोत्र दामचा फुटबॉल प्रशिक्षक क्नूट रॉकनी होता, तेव्हाच्या अमेरिकेतल्या सर्वांत लाडक्या माणसांपैकी एक. विमानाचा पंख लाकडी होता. आत ओल शिरून चिकटवलेले सांधे सुटले होते. रॉकनी नसता तर बातमी कदाचित दोन दिवसांत विरली असती. तो होता, म्हणून चौकशी उघडपणे झाली, लाकडी पंखांची विमानं मागे पडली आणि विमान कंपन्या सर्व-धातूच्या विमानांकडे वळल्या. आपण आज ज्या विमानांतून येतो-जातो त्यांच्या वंशावळीतलं एक पान या गवतात आहे. रस्त्यावरून तिथलं काही दिसत नाही. स्मारक खासगी रानात आहे.

मॅटफिल्ड ग्रीन हे त्याच्या पुढचं गाव, पन्नासच्या आत वस्ती. १९२० च्या दशकात सांता फे रेल्वेने मालगाड्यांसाठी इथून नवा फाटा काढला. शिकागो ते कॅलिफोर्निया जाणारे कंटेनर आजही इथून दिवसभर जातात, गावात थांबत नाहीत. १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये टर्नपाइक खुला झाला. त्याच्यावर एक मोठा सर्व्हिस एरिया आहे, पेट्रोल, कॉफी, स्वच्छतागृह, आणि रॉकनीचं स्मारकही. त्याचं नाव मॅटफिल्ड ग्रीन. पण तिथून मॅटफिल्ड ग्रीनला जाता येत नाही. कॅसोडे आणि एम्पोरिया यांच्या मध्ये पस्तीस मैल टर्नपाइकवर सर्वसामान्य गाडीला बाहेर पडायला वाटच नाही. रोज हजारो लोक या गावाच्या नावाखाली कॉफी पितात, आणि गाव पलीकडच्या टेकडीमागे.

मी मार्ग शोधणाऱ्या प्रणालीत याच्याकडे पाहते तेव्हा गाव नकाशावर असतं, अक्षांश-रेखांशासह, पण टर्नपाइकच्या कडांवर त्याला जोडणारा एकही बिंदू नसतो. आलेखाच्या भाषेत दोन गोष्टी एकमेकींना भौगोलिकदृष्ट्या चिकटून असूनही शेजारी नसतात. भिगवण-इंदापूरच्या बाजूला बायपास झाल्यावर जुन्या रस्त्यावरच्या हॉटेलवाल्यांना हे शिकायला आलेख लागला नव्हता.

त्या पस्तीस मैलांत एक अपवाद आहे. बझारजवळ टर्नपाइकला बिनआकड्याचा एक फाटा आहे, गुरांच्या गोठणीकडे जाणारा, फक्त गुरांच्या ट्रकांसाठी. एप्रिल-मेमध्ये ट्रक भरून गोऱ्हे येतात, जळून पुन्हा फुटलेल्या गवतावर नव्वद-एक दिवस चरतात, दिवसाला दोन-एक पौंड वजन घेतात आणि जुलैत त्याच फाट्याने निघून जातात. पुढे पश्चिम कॅन्ससच्या फीडलॉटमध्ये मका खाऊन उरलेलं वजन करतात. टर्नपाइक आखणाऱ्यांनी माणसांना वगळलं आणि गुरांना दार ठेवलं. मला यात राग येण्यासारखं काही दिसत नाही. जिल्ह्याचं अर्थकारण त्यांनी अचूक वाचलं होतं.

कॅसोडेच्या पाटीवर 'जगाची प्रेअरी चिकन राजधानी' असं लिहिलेलं आहे. वस्ती शंभर-एक. प्रेअरी चिकन म्हणजे माळढोकाच्या धर्तीवर नाच करणारा, उघड्या गवतावाचून न जगणारा पक्षी. एप्रिलच्या पहाटे नर मोकळ्या टेकाडावर जमतात, मानेच्या नारिंगी पिशव्या फुगवतात आणि रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखा आवाज काढतात. त्यांना जाळलेलं रान नाचायला हवं असतं आणि न जाळलेलं घरटं करायला. सगळं एकाच वर्षी जाळलं तर पंचाईत, काहीच जाळलं नाही तरी पंचाईत. म्हणून काही रँचवाले आता रानाचा एक तृतीयांश भाग आलटून पालटून जाळू लागले आहेत. शेजारच्या रँचवाल्याला ते अजून पटलेलं नसतं, कारण सगळं जाळलेल्या रानात त्याचे गोऱ्हे जास्त भरतात.

कॅसोडेच्या बाहेर के-१७७ टर्नपाइकला मिळतो. पूर्वी इथल्या टोलच्या खिडकीत माणूस बसायचा. जुलै २०२४ पासून रोख टोल बंद झाला. आता कॅमेरा नंबर प्लेटचा फोटो काढतो आणि बिल घरी येतं. मागच्या एप्रिलच्या बिलावर चढण्याची जागा कॅसोडे लिहिली होती, वेळ संध्याकाळची सात वाजून काही मिनिटं. तेव्हा पश्चिमेला तीन टेकड्या पेटलेल्या होत्या, आणि पिकअप गाडीमागे पाण्याची टाकी बांधलेले चार जण रस्त्याच्या कडेला उभे राहून वारा बघत होते.